एका एकवीस आकडी संख्येची साक्ष

आकडा जितका मोठा, तितकी त्याची विचारपूस कमी, असा सार्वजनिक व्यवहाराचा एक अलिखित नियम दिसतो. वाण्याच्या बिलातील दोन रुपयांची चूक गृहिणीच्या नजरेतून सुटत नाही. परंतु एखाद्या रकमेच्या शेवटी ‘लाख कोटी’ हे शब्द आले की सुशिक्षित नागरिकही मान डोलावून पुढच्या बातमीकडे वळतो. २०२४ च्या जुलैत मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज ४८ लाख २० हजार कोटी रुपयांच्या घरात होता. ही रक्कम रुपयांत लिहिली तर चौदा आकडे होतात. ती वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी ती कशी जमली, कशी विभागली आणि ती खरी मानण्यास आधार काय, असे विचारले असेल? मोठ्या संख्येपुढे बुद्धी दिपते, आणि दिपलेली बुद्धी प्रश्न विचारीत नाही.

अशा वेळी अर्थसंकल्पाशी कसलाही संबंध नसलेल्या एका संख्येचा इतिहास उद्बोधक ठरावा. ती संख्या अशी : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला आणि आलेल्या फळातून एक वजा केला की ही एकवीस आकडी संख्या मिळते. ती कोणाच्या तिजोरीत नाही, कोणाच्या कर्जखात्यात नाही. तरीही एका विद्वानाच्या शब्दावर ती दोनशे तीसहून अधिक वर्षे खोट्या नावाने वावरली. आणि अखेर एका फळ्यावर, खडूच्या काही ओळींनी, तिची खरी ओळख पटली. या दोन घटनांमधील अंतरात केवळ गणिताचाच नव्हे, तर सार्वजनिक विश्वासाचाही एक मोठा धडा दडलेला आहे.

परार्धापलीकडे

ही संख्या किती मोठी? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची जी नावे दिली आहेत ती एक, दश, शत यांपासून निघून परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. प्रस्तुत संख्येत असे चौदाशे पंचाहत्तर परार्ध मावतात आणि वर काही उरते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार याप्रमाणे दाणे मागून राजाला निरुत्तर करणाऱ्या चतुर माणसाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. त्या पटाला चौसष्ट घरांऐवजी सदुसष्ट घरे असती, तर सर्व घरांतील दाण्यांची बेरीज नेमकी हीच आली असती. संगणकाच्या द्विमान पद्धतीत हीच संख्या लिहिली तर ओळीने सदुसष्ट एक, दुसरे काहीच नाही, असे तिचे देखणे रूप दिसते.

परंतु गणितज्ञाला संख्येच्या आकाराचे अप्रूप नसते. तिच्यापुढे एक शून्य मांडले की दसपट मोठी संख्या तयार होते. त्यात पुरुषार्थ तो कोणता? त्याचा प्रश्न वेगळा असतो : ही संख्या घडली आहे कशाची? जिला एक आणि स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेच निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या; जिला जातो ती संयुक्त. सात, तेरा, एकतीस या मूळ. पंधरा, एक्याण्णव या संयुक्त. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनते, आणि क्रम सोडला तर ती एकाच रीतीने बनते. म्हणून एखाद्या संख्येचे मूळ अवयव सांगणे म्हणजे तिचे कुळच सांगणे होय.

एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांविषयी हे कुतूहल विशेष तीव्र होते, त्यालाही कारण आहे. सहा या संख्येचे स्वतःहून लहान असे विभाजक एक, दोन आणि तीन. त्यांची बेरीज पुन्हा सहाच. अठ्ठावीसचेही तसेच. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी त्या मिळविण्याची एक रीत दिली. दोनच्या एखाद्या घातातून एक वजा करून येणारी संख्या जर मूळ असेल, तर तिला दोनच्या अलीकडच्या घाताने गुणावे. येणारे फळ परिपूर्ण असते. तीनला दोनने गुणले की सहा, सातला चारने गुणले की अठ्ठावीस, एकतीसला सोळाने गुणले की चारशे शहाण्णव. साऱ्या रीतीची भिस्त त्या ‘जर’वर आहे. दोनचा अकरावा घात घेऊन एक वजा केला तर २०४७ येतात. ही संख्या मूळ असेल असे सहज वाटते, पण ती तेवीस आणि एकोणनव्वद यांचा गुणाकार निघते. तेव्हा दोनच्या कोणत्या घातातून एक वजा केल्यास मूळ संख्या मिळते, हा प्रश्न उरतोच.

मर्सेनचा शब्द

या प्रश्नाला १६४४ साली मॅरां मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने मोठ्या धिटाईने उत्तर दिले. मर्सेन हा सामान्य आसामी नव्हता. देकार्त, फर्मा यांच्यासारख्या त्या काळच्या धुरीण विद्वानांचा पत्रव्यवहार त्याच्या हातून होई. पॅरिसमधील त्याची खोली म्हणजे युरोपातील विद्येची जणू टपालकचेरीच होती. त्याने २५७ व्या घातापर्यंतची यादी दिली आणि त्यांपैकी अकराच घात मूळ संख्या देतात असे सांगितले : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. या यादीत सदुसष्ट होते. म्हणजेच आपली एकवीस आकडी संख्या मूळ आहे, असा निर्वाळा मिळाला.

हा निर्वाळा त्याने कशाच्या आधारे दिला? पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सारा काळही पुरणार नाही, अशा आशयाचे विधान खुद्द मर्सेननेच केलेले आहे. मग एकवीस आकडी आणि त्याहूनही कितीतरी मोठ्या संख्यांविषयी त्याने इतक्या खात्रीने कसे लिहिले? तरीही यादी टिकली. तिच्यामागे नाव होते, आणि ती तपासण्याचे सामर्थ्य कोणाजवळ नव्हते. ज्या विधानाची पडताळणी अशक्यप्राय असते, ते विधान करणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर जगते. पुढे हळूहळू तपास झाला आणि १९४७ पर्यंत यादीचा पूर्ण हिशेब लागला. तीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ हे घात तीत असायला नको होते. ६१, ८९ आणि १०७ हे असायला हवे होते. या संख्यांना आजही मर्सेनचेच नाव आहे, ही इतिहासाची उदारता म्हणावयाची. नाव राहिले म्हणून चूक मात्र राहू शकली नाही.

‘नाही’ म्हणणे आणि दाखविणे

सदुसष्टाव्या घाताचे बिंग प्रथम फोडले ते एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने, १८७६ साली. त्याने शोधलेली कसोटी अजब होती. संख्येचा एकही अवयव हाती न लागता, ती मूळ आहे की संयुक्त एवढे तिने ठरविता येई. त्याच कसोटीने दोनच्या १२७ व्या घातातून एक वजा करून येणारी एकोणचाळीस आकडी संख्या मूळ असल्याचे त्याने दाखविले, आणि सदुसष्टाव्या घाताची संख्या मात्र मूळ नाही असे सांगितले.

लुकाचा निष्कर्ष बरोबर होता. परंतु त्याचे स्वरूप विचित्र होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ‘या संख्येला अवयव आहेत,’ एवढेच तो सांगत होता, ‘कोणते?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. ज्याला त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा नसेल त्याला ते सगळे प्रचंड गणित पुन्हा पहिल्यापासून करण्यावाचून गत्यंतर नव्हते. सार्वजनिक जीवनातही अशी विधाने सदैव ऐकू येतात. चौकशी झाली, गैरव्यवहार आढळला. किंवा चौकशी झाली, काही आढळले नाही. अहवाल मात्र कपाटात! असा निष्कर्ष खराही असू शकेल. परंतु तो ऐकणाऱ्याच्या पदरी ज्ञान पडत नाही, केवळ हुकूम पडतो.

याच्या अगदी उलट प्रकार १९०३ च्या ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्क येथे घडला. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल या प्राध्यापकाचा, मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयीचा निबंध होता. ई. टी. बेल या गणितज्ञाने पुढे जी हकीकत लिहिली ती प्रसिद्धच आहे. कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता त्यांनी दोनचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात त्यांनी दोन संख्या मांडल्या : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांचा गुणाकार त्यांनी शाळेतल्या रीतीने, ओळीखाली ओळ लिहून केला. दोन्ही उत्तरे जुळली. कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असे बेल यांनी पुढे विचारले तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांतले रविवार. हकीकतीत थोडा रंग भरला गेला असेलही. पण फळ्यावरील गुणाकारात रंग भरायला जागा नाही. तो आजही कोणीही करून पाहावा.

शोध महाग, पडताळणी स्वस्त

तीन वर्षांतल्या रविवारी नेमके काय करावे लागले असेल, याची थोडी कल्पना करून पाहण्यासारखी आहे. प्रस्तुत संख्येचे वर्गमूळ सुमारे १,२१४ कोटी येते. म्हणजे सरळ मार्गाने जाणाऱ्याला तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहण्याची तयारी ठेवावी लागेल. सुदैवाने अशा संख्यांचे अवयव मनमानी नसतात. सदुसष्टाव्या घाताच्या बाबतीत प्रत्येक मूळ अवयवातून एक वजा केला तर उरलेल्या संख्येला १३४ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय त्या अवयवाला आठने भागल्यास बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे. कोल यांचा लहान अवयव या दोन्ही कसोट्यांना उतरतो. परंतु या चाळण्या लावूनही त्याच्यापर्यंत पोचण्यापूर्वी सात लाखांहून अधिक उमेदवार उरतात. एका भागाकाराला पाच मिनिटे आणि दिवसाला आठ तास असा हिशेब धरला तर विनाखंड वीस वर्षे लागतील. कोल यांनी आणखी सूक्ष्म चाळण्या वापरल्या, म्हणून तर रविवारांत भागले.

आता दुसरी बाजू पाहा. एकदा ते दोन अवयव हाती आले की त्यांचा गुणाकार नऊ ओळींचा. त्यांतही एक ओळ शून्याची. दहावीचा दक्ष विद्यार्थी तो अर्ध्या-पाऊण तासात करू शकेल. तेवढाही वेळ नसलेल्याने नवांच्या बाकीची जुनी कसोटी लावावी. एकवीस आकड्यांची बेरीज १०९, नवांनी भागून बाकी एक. लहान अवयवाच्या आकड्यांची बेरीज ३७, बाकी एक. मोठ्याची ६४, बाकी एक. एक गुणिले एक बरोबर एक : जमले. ही कसोटी चूक नसल्याची हमी देत नाही. परंतु चूक असली तर ती बहुधा पकडते.

अवयव कळताच संख्येची सारी जातकुळी उलगडते. तिला दोनच मूळ अवयव आहेत. एक, तो लहान अवयव आणि तो मोठा अवयव एवढेच तिचे स्वतःहून लहान विभाजक, आणि त्यांची बेरीज ७,६२,०३,१९,६५,००९. एकवीस आकडी संख्येपुढे ही बारा आकडी बेरीज अगदीच तोकडी. ज्या संख्येच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते ती न्यून संख्या. ज्या संख्येकडून परिपूर्ण संख्येच्या जन्माची अपेक्षा मर्सेनने केली होती, ती स्वतः अशी न्यूनतेच्या वर्गात, आणि तीही अगदी तळाशी बसते.

शोधणे दुष्कर आणि तपासणे सुकर, हे नाते या एका संख्येत इतके स्पष्ट दिसते की अर्थशास्त्राच्या भाषेतही ते मांडता येईल. शोधाचा खर्च एकदा, एकाने सोसावयाचा. पडताळणीचा खर्च मात्र इतका कमी की तो कोणालाही परवडावा. ज्या ज्ञानात हे नाते आहे तेथे अधिकाराची गरज उरत नाही. कोल यांचे पद काय, पदव्या किती, हे विचारण्याचे कोणालाच कारण पडले नाही.

देवळालीचे शिक्षक

पडताळणी स्वस्त असली की लहान माणसालाही मोठ्यांच्या सभेत उभे राहता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळाशिक्षक. डहाणूला १९०५ साली जन्मलेल्या या गृहस्थांपाशी पदव्युत्तर पदवी नव्हती की विद्यापीठातले आसन नव्हते. ६१७४ या संख्येचा त्यांनी शोधलेला गुण आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. सगळे सारखे नसलेले कोणतेही चार आकडे घ्यावेत, ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करावे, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करीत राहावे. अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७, पुढे ८३५२, आणि मग ६१७४. हे तपासण्यासाठी पाटी-पेन्सिल पुरते. कापरेकरांना मान्यता उशिरा मिळाली. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा ते सत्तरीला आले होते. परंतु त्यांचे म्हणणे खोटे ठरविणे कोणालाही शक्य झाले नाही, कारण ते खरे आहे हे कोणालाही पाहता येत होते.

कापरेकरांनी संख्यांच्या काही नव्या जातीही कल्पिल्या. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. १८ ला नऊने भाग जातो. म्हणून ती हर्षद. आपली एकवीस आकडी संख्या हर्षद आहे काय? आकड्यांची बेरीज १०९, आणि १०९ ही स्वतः मूळ संख्या. संख्येचे मूळ अवयव दोनच आणि त्यांत १०९ नाही. सबब ती हर्षद नाही. कोल यांच्या रविवारांनी मिळविलेले अवयव देवळालीच्या शिक्षकाचा प्रश्न असा एका वाक्यात सोडवून देतात. ज्ञानाची ही भागीदारी देश, काळ आणि पद यांची पर्वा करीत नाही.

खेळातून झालेले कुलूप

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात एव्हाना आला असेल, आणि तो रास्त आहे. कोल यांच्या फळ्याचा १९०३ साली व्यवहारात काडीचाही उपयोग नव्हता. परंतु १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी गुणणे सोपे आणि अवयव पाडणे अवघड या विषमतेवरच एक गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. दोन प्रचंड मूळ संख्या गुप्त ठेवावयाच्या आणि त्यांचा गुणाकार जगजाहीर करावयाचा. त्या गुणाकाराने कोणीही संदेश कुलूपबंद करू शकेल, पण उघडू शकेल तो अवयव ठाऊक असणाराच. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ज्या अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली, तिच्यामागील एक प्रमुख पद्धत हीच. बँकांचे व्यवहार, दस्तऐवजांची देवाणघेवाण यांवर अशा कुलपांचा पहारा असतो, आणि त्यांतील प्रचलित संख्या सहाशेहून अधिक आकडी असतात.

हे कुलूप अभेद्य आहे काय? १९७७ साली आव्हान म्हणून जाहीर झालेली १२९ आकडी संख्या फोडायला लक्षावधी वर्षे लागतील असे तेव्हा वाटले होते. १९९४ साली सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून ती फोडली. कोल यांची संख्या तर आजचा साधा संगणक क्षणार्धात फोडतो. त्याच १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा समर्थ पुंज संगणक बनला तर ही सारी कुलपे निकामी होतील. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या धर्तीच्या कुलपांची मानके जाहीर केली. उलट, संख्या मूळ आहे की नाही एवढेच ठरविण्याचे काम तत्त्वतः सुकर आहे हे २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. तो निबंध हाती पडताच जगभरच्या तज्ज्ञांनी तो तपासला आणि मान्य केला. त्यासाठी कोणाच्या शिफारसपत्राची आवश्यकता भासली नाही.

पडताळणीचा हा दंडक आजही सैल झालेला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मर्सेनच्याच जातीची चार कोटी दहा लाखांहून अधिक आकड्यांची एक मूळ संख्या जाहीर झाली. परंतु ती जाहीर करण्यापूर्वी निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या आज्ञावलींनी, स्वतंत्रपणे तपासून घेण्यात आली. यंत्र म्हणाले म्हणून खरे, असे कोणी मानले नाही.

हजेरीपट आणि पाहणी

आता पुन्हा त्या चौदा आकडी रकमेकडे वळावे. अर्थव्यवहारातील आकडे मर्सेनच्या संख्यांसारखे नसतात, हा आक्षेप उचित आहे. राष्ट्रीय उत्पन्न, दारिद्र्य, बेकारी हे अंदाज असतात. त्यांना दोन निश्चित अवयव नसतात, आणि फळ्यावर गुणाकार करून ते सिद्ध होत नाहीत. तथापि आकडा अंदाजाचा असला म्हणून तो अंदाज कसा बांधला हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. किंबहुना, जेथे सिद्धता मिळत नाही तेथे पडताळणीची सोय अधिकच हवी.

हे सूत्र भारताला नवे नाही. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे शिल्पकार प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी परस्परांत गुंफलेल्या उपनमुन्यांची रीत रूढ केली. एकाच प्रदेशातील दोन स्वतंत्र नमुने निरनिराळ्या तपासनिसांनी पाहावयाचे आणि निष्कर्ष ताडून बघावयाचे. तफावत दिसली तर चुकीचा मासला तेथेच हाती येतो. आकड्याच्या पोटातच त्याची कसोटी बांधून ठेवण्याची ही दृष्टी होती. त्याच पाहणीच्या परंपरेत २०१७-१८ च्या उपभोग-खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने २०१९ च्या नोव्हेंबरात जाहीर केला. सामग्रीच्या दर्जाविषयी शंका आहे, हे कारण देण्यात आले. शंका खरीही असेल. परंतु दर्जा वाईट आहे हेही एक विधानच, आणि सामग्री पुढे ठेवल्यावाचून ते तपासणार कसे? दोष दाखवून सामग्री प्रसिद्ध करता आली असती. अभ्यासकांनी तिचे काय ते केले असते. पुढची पाहणी २०२२-२३ ची. तिचे निष्कर्ष २०२४ साली आले. मधल्या दशकभरात दारिद्र्य घटले की वाढले यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने वाद झाले. दोन्ही बाजूंच्या हाती मर्सेनच्या यादीहून भक्कम असे फारसे काही नव्हते.

पडताळणी ही केवळ पंडितांची चैन नव्हे, हे राजस्थानातील खेड्यांनी दाखवून दिले आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून तेथे जनसुनवाया भरविल्या. रस्त्यांच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांचे हजेरीपट आणि बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखविण्यात आली. कागदावर मजुरी घेतलेल्यांत कामावर कधीही न गेलेल्यांची नावे निघाली. ते ओळखायला अर्थशास्त्राची पदवी लागली नाही. शेजाऱ्याला ओळखणे पुरे झाले. कोल यांच्या फळ्याचे आणि त्या हजेरीपटाचे नाते असे निकटचे आहे : दोन्हीकडे दावा अशा रूपात पुढे आला की सामान्य माणसाला तो स्वतः तपासता यावा. महाराष्ट्राचा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा यांचे मर्मही हेच आहे.

म्हणून सार्वजनिक आकड्यांच्या बाबतीत मागणी करावयाची तर ती साधी आहे. प्रत्येक मोठ्या आकड्याबरोबर त्याचे अवयव द्यावेत. रक्कम कोणत्या बाबींची बनली, अंदाज कोणत्या नमुन्यावर बांधला, पाया कोणता, रीत कोणती, मूळ सामग्री कोठे पाहावयास मिळेल, हे आकड्याइतक्याच ठळकपणे सांगावे. निष्कर्ष गैरसोयीचा असला तरी सामग्री रोखू नये. आणि शाळा-महाविद्यालयांतून मोठ्या संख्या पाठ करवून घेण्याऐवजी त्या फोडून पाहण्याची सवय लावावी. ज्या विद्यार्थ्याने एकदा तरी कोल यांचा तो गुणाकार स्वतः करून पाहिला, तो लाख कोटींच्या घोषणेनेही सहसा दिपून जाणार नाही.

आपल्या संख्येवर मर्सेनची प्रतिष्ठा दोनशे बत्तीस वर्षे पुरली. लुकाच्या निष्कर्षाने ती डळमळली, पण शंकेखोरांच्या हाती काही आले नाही. अखेरची साक्ष दिली ती नऊ ओळींच्या गुणाकाराने, आणि तो कोणालाही करता येत होता. मोठ्या आकड्यांनी राज्यकारभार चालविणाऱ्यांनी जनतेकडे विश्वास मागावा, यात वावगे काही नाही. मात्र तो मागण्यापूर्वी त्यांनी फळ्यापाशी जाऊन गुणाकार मांडावा. उत्तर जुळले तर टाळ्या वाजविण्यास लोक कृपण नाहीत.